निळी टिक, लास्ट सीन आणि संशय: नात्यातलं ‘माहीत नाही’ पेलायचं कसं

‘त्याच्यावर माझा विश्वासच बसत नाही,’ असं कुणी सांगत आलं की मी आधी विचारते, त्यानं केलं काय? काहींकडे ठोस उत्तर असतं. पगार लपवला, खोटं बोलला, जुनं प्रकरण अजून चालूच निघालं. पण बऱ्याच जणी जरा थांबून म्हणतात, ‘केलं असं काही नाही हो, पण काही कळतच नाही ना!’ हा लेख या दुसऱ्या उत्तरासाठी आहे. ‘तो’च्या जागी ‘ती’ घालून वाचलं तरी चालेल. मुलांची तक्रारही हीच असते, फक्त ते ती चिडून सांगतात.

नात्यातला पुष्कळसा संशय समोरच्याच्या वागण्यातून येत नाही. ‘मला माहीत नाही’ ही अवस्था आपल्याला सोसवत नाही, तिथून तो येतो. ती सोसण्याची ताकद प्रत्येकाची वेगळी असते आणि ती वाढवता येते. तपासून मात्र ती वाढत नाही. जितकं तपासाल तितकी ती घटत जाते, आणि सोबत विश्वासही.

हे असं का होतं

कॅनडातल्या लावाल विद्यापीठात मार्क फ्रीस्टन, मिशेल दुगास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली २७ विधानांची एक प्रश्नावली मांडली. सतत काळजी करणाऱ्या माणसांना वाईट घडण्याची भीती असतेच, पण काय घडणार ते ठाऊक नसणं हेच त्यांना छळत असतं, ही त्यामागची कल्पना. २००७ मध्ये निकोलस कार्लटन आणि सहकाऱ्यांनी ती १२ विधानांवर आणली. त्यातून दोन तऱ्हा दिसल्या. एका तऱ्हेत माणसाला सगळं आधीच कळायला हवं असतं, म्हणून तो विचारतो, शोधतो, खोदतो. दुसऱ्या तऱ्हेत कळलं नाही की त्याचे हातपायच गळतात, मग तो बोलत नाही, निर्णय घेत नाही, फोन उचलत नाही. एकाच जोडप्यात एक पहिल्या तऱ्हेचा आणि दुसरा दुसऱ्या तऱ्हेचा असला की काय होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. ती विचारते, तो गप्प होतो, म्हणून ती आणखी विचारते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१६ साली झालेला एक प्रयोग इथे कामाचा आहे. संगणकाच्या पडद्यावर दगड दिसायचे. त्याखाली साप आहे की नाही हे ओळखायचं. साप निघाला की हाताला विजेचा झटका. सर्वांत जास्त ताण कधी आला? झटका बसणारच हे ठाऊक असताना नव्हे, तर बसण्याची आणि न बसण्याची शक्यता निम्मी-निम्मी असताना. स्थळाला स्पष्ट नकार मिळालेली मुलगी रडते आणि सावरते. ‘बघू, घरी बोलतो’ यावर टांगलेली मुलगी महिनोन्‌महिने वाळत जाते. हे आपण आपल्या घरात पाहिलेलं असतंच.

ही ताकद सगळीकडे सारखी नसते, हेही लक्षात घ्या. लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. नळाला पाणी कधी येईल याचा पत्ता नसताना तिथल्या लोकांनी दिवस काढले, मुलांच्या परीक्षा पार पाडल्या, लग्नं लावली. त्यांतल्याच एखाद्याला बायकोचा फोन वीस मिनिटं ‘व्यस्त’ लागला की घाम फुटतो. तेव्हा ‘मी खंबीर आहे, मला हे लागू नाही’ असं म्हणून पान उलटू नका.

विश्वासाबद्दल एकच संशोधन सांगते आणि कामाला लागू. जॉन रेम्पेल, जॉन होम्स आणि मार्क झॅना यांनी १९८५ मध्ये जवळच्या नात्यातल्या विश्वासाचे तीन थर सांगितले. पहिला, समोरचा कसा वागेल याचा अंदाज येणं. दुसरा, अडचणीत तो पाठीशी उभा राहील हा भरवसा. तिसरा, पुढं काय होईल याचा पुरावा हातात नसतानाही तो आपलाच राहील ही श्रद्धा. अनिश्चितता न सोसणारा माणूस पहिल्या थरावरच अडकतो, असं माझं निरीक्षण आहे. तो रोज अंदाज पक्का करत बसतो. तिसऱ्या थराला पुरावा लागत नाही आणि नेमका तोच त्याला हवा असतो.

पायरी १: जे घडलं ते आणि जे वाटलं ते, वेगळं लिहा

एक साधी वही घ्या. मोबाइलमध्ये नको, कारण मोबाइल हातात आला की बोट कुठं जातं ते आपल्याला माहीत आहे. पानाच्या मध्ये रेघ ओढा. डावीकडे फक्त घडलेलं लिहा, कॅमेऱ्यात टिपता येईल इतकंच. उजवीकडे आपण काढलेला अर्थ.

एक उदाहरण सविस्तर बघू. साखरपुडा झालेली मुलगी जिंतूरला, मुलगा चाकणच्या कारखान्यात. तिच्या वहीतलं एक पान असं होतं:

डावीकडे: ‘रात्री ११.५० ला ‘जेवलात का?’ पाठवलं. १२.१५ ला निळी टिक. उत्तर नाही. १२.४० ला ऑनलाइन दिसले. सकाळी ९ ला उत्तर, ‘हो जेवलो, झोप लागली.’’

उजवीकडे: ‘माझ्याशी बोलायचं नाही. दुसऱ्या कुणाशी बोलत होते. सकाळचं उत्तर थातुरमातुर. आमच्या घरच्यांनी लग्न साधं करायचं म्हटलं, त्याचा राग असेल.’

उजव्या रकान्यातलं चौथं वाक्य बघा. मेसेजवरून सुरू झालं आणि लग्नाच्या खर्चापर्यंत पोचलं. मधल्या पायऱ्या तिच्या लक्षातही आल्या नव्हत्या. लिहिल्यावर ती स्वतःच म्हणाली, ‘मॅडम, हे तर मीच जोडलंय.’ ते चौथं वाक्य खोटंच आहे असं मी म्हणत नाही. खरंही असेल. पण ते निळ्या टिकवरून कळणार नाही, ते विचारावं लागेल.

तेवढ्यात व्हॉट्सॲपचंही सांगून टाकते, कारण निम्मी भांडणं त्यावरून होतात. निळी टिक म्हणजे ते चॅट उघडलं गेलं, इतकंच. नीट वाचलं, समजलं, उत्तर द्यायला सवड होती, यातलं काहीही त्यातून सिद्ध होत नाही. ‘ऑनलाइन’ म्हणजे ॲप उघडं आहे आणि इंटरनेट चालू आहे. तो गावाकडच्या ग्रुपवर कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक बघत असेल. आणि ज्यानं निळी टिक बंद केली आहे, तो लपवतोच असं नाही. ती बंद केली की त्यालाही दुसऱ्यांची दिसत नाही. काही जण तर तेवढ्यासाठीच ती बंद करतात. स्वतःच्या मनःशांतीसाठी हा उपाय मलाही आवडतो.

आठवडाभर लिहा. त्यानंतर डावा रकाना एकटाच वाचा. त्यातच खोटेपणा, फसवणूक किंवा धमकी दिसत असेल तर पुढच्या पायऱ्या सोडा आणि थेट लेखाच्या शेवटाकडे जा. डावीकडे किरकोळ आणि उजवीकडे महाभारत असेल, तर पुढं वाचा.

पायरी २: नेमकं काय माहीत नाही?

नात्यातल्या अनिश्चिततेचे तीन प्रकार डेनिस सॉलोमन आणि लीॲन नॉब्लॉक यांनी १९९९ मध्ये मांडले: मला काय हवंय ते मला माहीत नाही, त्याला काय हवंय ते माहीत नाही, आणि हे नातं नक्की काय आहे, कुठं चाललंय ते माहीत नाही. मराठवाड्यात मी चौथा प्रकार धरते, तो म्हणजे घरचे काय करतील ते माहीत नाही. सुपारी फुटली तरी सोयरीक टिकेलच असं नाही. मामा रुसतात, देण्याघेण्यावरून बैठक मोडते, कुणीतरी कान भरतं. ही भीती खरी आहे, पण ती त्याच्या लास्ट सीनमध्ये शोधून सापडणार नाही.

एका अनिश्चिततेची चिडचिड दुसऱ्यावर निघते, म्हणून हे वेगळं करणं गरजेचं. स्वतःलाच लग्न करायचं की नाही हे ठरत नसलेली मुलगी त्याचा फोन तपासत बसते. तिथं काही सापडलं तर तिचा प्रश्न परस्पर सुटणार असतो! असं असेल तर ते वहीत प्रामाणिकपणे लिहा. वही कुणी वाचणार नाही.

तिसऱ्या प्रकाराचं आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण म्हणजे स्पर्धा परीक्षा. मुलगा पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत, मुलगी नांदेडला. दोघांचं जमलेलं. ‘एमपीएससी निघाली की घरी सांगतो.’ परीक्षा पुढं ढकलली जाते, निकाल लांबतो, पूर्व निघते पण मुख्य अडते. इकडे तिच्या घरी स्थळं यायला लागलेली. ती रात्री भांडते ते ‘तू आज अभ्यासिकेत कुणासोबत बसला होतास’ यावरून. खरा प्रश्न असतो, ‘मी अजून किती थांबू?’

या मुलीला ‘अनिश्चितता सोसायला शिक’ असं सांगणं हा अन्याय आहे. तिनं सोसायची नाही, मर्यादा घालायची. सोयाबीनची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका, असा सल्ला परभणीचं कृषी विद्यापीठ शेतकऱ्यांना देतं. तेवढ्या पावसानंतरही खंड पडणार नाही याची हमी कुणी देत नाही. पण पहिल्या शिडकाव्याला पेरायचं नाही आणि पूर्ण खात्री होईपर्यंत बसूनही राहायचं नाही, यासाठी तो आकडा आधीच ठरलेला असतो. नात्यातही तसंच करायचं. कोणत्या महिन्यापर्यंत थांबायचं, तोवर त्यानं किमान काय करायचं (मोठ्या भावाच्या कानावर घालणं, पर्यायी नोकरीचा अर्ज भरणं), आणि ते झालं नाही तर तिनं काय करायचं, हे दोघांनी बसून ठरवायचं. डोकं शांत असताना ठरवायचं, स्थळ दारात आल्यावर नव्हे.

पायरी ३: टाळता येणारी धूसरता दोघांनी मिळून टाळा

सगळा भार काळजी करणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. काही माणसं उगाचच धूसर वागतात. ‘येतो’ म्हणतात आणि कधी ते सांगत नाहीत. कुठं चाललास म्हटलं की ‘हितंच’. ही सवय मोडा. तुम्हाला तो स्वातंत्र्याचा प्रश्न वाटत असेल, तर लक्षात घ्या की इथं हिशेब द्यायचा नाही, फक्त सूचना द्यायची आहे.

चाकणच्या त्या मुलाचं काय होतं ते नंतर कळलं. त्याच्या प्लांटमध्ये लाइनवर जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागायचा. सेकंड शिफ्ट सुटली की बसमध्ये फोन उघडायचा, मेसेज बघायचा आणि तिथंच मान पडायची. खोलीवर पोचल्यावर गजर लावायला फोन हातात, तेच १२.४० चं ‘ऑनलाइन’. हे त्यानं तिला कधी सांगितलंच नव्हतं. का, तर ‘त्यात काय सांगायचं?’

त्यांनी मग तीन गोष्टी ठरवल्या. दर आठवड्याला शिफ्टच्या तक्त्याचा फोटो तिला पाठवायचा. सेकंड आणि नाईटच्या दिवशी रात्री बोलायचं नाही, जेवणाआधी दहा मिनिटं बोलायचं. आणि लांबचा प्रवास असेल तर एकच शब्द, ‘पोचलो’. एवढंच. पाच-सहा नियम केले असते तर एकही पाळला गेला नसता.

मुलगी एकत्र कुटुंबात नांदत असेल तर उलट बाजूही समजून घ्या. सासूबाई ओट्याजवळ उभ्या असताना तिला ‘आय लव्ह यू टू’ म्हणता येत नाही. ती ‘हां, हां, ठेवते’ म्हणते आणि तिकडे हिंजवडीत बसलेल्याला वाटतं हिचा मूड गेला. तिला मोकळं बोलता येईल अशी वेळ विचारून घ्या. गच्चीवर कपडे वाळत घालायला जाते ती वेळ, किंवा दुपारी सगळे आडवे होतात ती.

लोकेशन शेअर करावं का, असं हमखास विचारतात. रात्री एकटी प्रवास करणार असेल, खाजगी बसनं संभाजीनगरहून निघाली असेल, तर व्हॉट्सॲपवर एक किंवा आठ तासांसाठी लोकेशन देता येतं. ते जरूर द्यावं. चोवीस तास कायमचं लोकेशन, एकमेकांचे पासवर्ड, फोनचा पॅटर्न यांच्या मी विरोधात आहे. त्यातून विश्वास वाढलेला मी पाहिलेला नाही, फक्त तपासायला नवं काहीतरी मिळतं. ठिपका हॉटेलवर दिसला की ‘कुणासोबत’ हा प्रश्न उरतोच.

पायरी ४: तपासणं हळूहळू कमी करा

सर्वांत जास्त वेळ या पायरीला लागतो, आणि खरी ताकद इथंच वाढते.

तपासण्याचं चक्र असं चालतं. पोटात गोळा येतो, आपण लास्ट सीन बघतो, काही वावगं दिसत नाही, गोळा विरघळतो. त्या विरघळण्याची चटक लागते. थोड्या वेळानं गोळा परत येतो, कारण मघाचा पुरावा मघाचाच होता, आत्ताचं काय? मेंदू मात्र एकच शिकतो: ‘तपासलं म्हणून वाचलो.’ न तपासताही काही झालं नसतं, हे शिकायची संधीच त्याला मिळत नाही. ती संधी मुद्दाम द्यायची, हाच उपाय. दुगास यांनी काळजीच्या विकारावर विकसित केलेल्या उपचारातही असेच छोटे प्रयोग करायला लावतात.

आधी यादी करा. खात्री मिळवण्यासाठी तुम्ही जे जे करता ते सगळं त्यात यायला हवं. लास्ट सीन बघणं, त्याच्या फोटोला कुणी लाइक केलं ते बघणं, त्याच्या मित्राला सहज म्हणून फोन करणं, ‘खरं सांग ना’ असं परत परत विचारणं, फोन चार्जिंगला लावायच्या निमित्तानं पडद्यावर नजर टाकणं, यूपीआयचे व्यवहार चाळणं, नणंदेकडून माहिती काढणं. मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवून ‘तुला काय वाटतं?’ विचारणं हेही तपासणंच आहे, बरं का. ते बहुतेक जण यादीत घालत नाहीत.

आता प्रत्येकापुढं, हे नाही केलं तर किती अस्वस्थ वाटेल याचे शंभरपैकी गुण लिहा. सर्वांत कमी गुणांचं एक उचला. थेट फोन न बघण्यापासून सुरुवात करू नका, दुसऱ्याच दिवशी मोडेल आणि ‘माझ्यानं होतच नाही’ असं वाटून वही बंद होईल.

समजा निवडलं, रात्री दहानंतर लास्ट सीन बघायचा नाही. प्रयोगाआधी वहीत भाकीत लिहा, स्पष्ट शब्दांत: ‘आज नाही बघितलं तर मला झोप लागणार नाही आणि उद्या कळेल की तो रात्री कुणाशी तरी बोलत होता.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली काय झालं ते लिहा. झोप किती वाजता लागली? कळलं काही? भाकीत खरं ठरलं की खोटं, आणि खरं ठरलं असेल तर आपण त्यातून कसं निभावलं? हा शेवटचा प्रश्न सोडू नका. प्रत्येक भाकीत खोटं ठरत नाही. कधी त्याचं खरंच जुन्या मैत्रिणीशी बोलणं झालेलं असतं, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर बोलून विषय मिटतोही. वाईट काही समोर आलं तरी आपण कोसळत नाही, हे कळणं ‘काहीच झालं नाही’ हे कळण्यापेक्षा जास्त उपयोगाचं.

अगदीच राहवत नसेल तर बंदी घालू नका, लांबणीवर टाका. ‘बघेन, पण अर्ध्या तासानं.’ त्या अर्ध्या तासात हात कामात ठेवा. तूर निवडा, मुलाची वही तपासा, शेजारणीकडे जाऊन या. उगाच डोळे मिटून श्वास मोजायला मी सांगत नाही. काहींना त्याचा उपयोग होतो, पण संशयानं ग्रासलेल्या माणसाला डोळे मिटले की पडद्यावर तेच दिसतं. अर्ध्या तासानं बघावंसं वाटलं तर बघा. पुष्कळदा तोवर ओढ निम्म्यावर आलेली असते.

पहिले काही दिवस बेचैनी वाढेल. ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. एक गोष्ट दोन आठवडे जमली की यादीतली पुढची घ्या.

पायरी ५: विचारायचं कसं आणि उत्तर द्यायचं कसं

काळजी बोलून दाखवायची नाही, असं मी म्हणत नाही. एकदा, सरळ आणि नेमकं विचारा. फरक बघा.

‘कुठं होतास? कुणासोबत होतास? मला काय येडी समजायलास का?’

‘काल दोनदा फोन केला, लागला नाही. मला भीती वाटली. आज रात्री दहा मिनिटं बोलशील?’

पहिल्यात चौकशी आहे, तिला उत्तर म्हणून सफाईच येणार. दुसऱ्यात काय झालं, काय वाटलं आणि काय हवंय, हे तिन्ही आहे. हवंय ते करता येण्याजोगं असावं. ‘मला कधीच दुखवणार नाहीस ना?’ याचं खरं उत्तर कुणाकडेच नसतं. म्हणून त्यावर ‘नाही गं’ ऐकूनही समाधान होत नाही आणि दहा मिनिटांनी तोच प्रश्न परत येतो.

आपल्याकडे याचा कळस म्हणजे शपथ. ‘माझी आन हाय तुला, खरं सांग.’ पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावणारेही आहेत. खोटारडा शपथ सहज घेतो, खरा माणूस अपमानित होतो. दोन्हीकडून तोटाच. शपथ मागायची नाही आणि मागितली तर घ्यायचीही नाही, हे दोघांनी आधीच ठरवून टाका.

ज्याला उत्तर द्यायचं त्याच्यासाठी: पहिल्यांदा विचारलं तर पूर्ण आणि प्रेमानं सांगा. ‘तुला सतत संशयच येतो’ असं म्हणून उडवून लावू नका. तोच प्रश्न त्याच दिवशी तिसऱ्यांदा आला तर माहिती पुन्हा देऊ नका. म्हणा, ‘याचं उत्तर मी दिलंय. तुला भीती वाटतेय हे कळतंय मला. चल, बाहेर चक्कर मारून येऊ.’ हे लक्ष न देणं नव्हे. पुरावा थांबवायचा आणि सोबत द्यायची. कठीण आहे, आवाज चढला की सगळं फिसकटतं, म्हणून शांत असताना दोघांनी हे वाक्य ठरवून ठेवलेलं बरं.

पायरी ६: परीक्षा घेऊ नका, परीक्षेचे प्रसंग बघा

इन्स्टाग्रामवर खोट्या नावानं अकाउंट काढून त्याला मेसेज करणं, मैत्रिणीला त्याच्याशी गोड बोलायला लावणं, असे उद्योग कानावर येतात. तो पास झाला तरी तुमचं समाधान होत नाही (‘ओळखलं असेल त्यानं’), आणि त्याला कळलं की तुम्हीच नापास.

परीक्षेचे प्रसंग आयुष्य आपणहून आणतं. होम्स आणि रेम्पेल यांच्या मते विश्वास जोखला जातो तो दोघांचं हित एकमेकांच्या आड येतं अशा वेळी. आपल्याकडे असा प्रसंग लग्नाच्या बैठकीतच उभा राहतो. हुंडा घेणं-देणं १९६१ च्या कायद्यानं गुन्हा आहे, पण ‘मुलाला गाडी तर पाहिजेच ना’ असं कुणीतरी हसत हसत म्हणतंच. त्या क्षणी मुलगा काय करतो? वडिलांसमोर, चुलत्यासमोर ‘मला काही नको’ म्हणतो, की मान खाली घालून चहाचा कप फिरवत बसतो आणि नंतर ‘मला काही नको होतं गं, पण मोठ्यांपुढं कसं बोलणार’ असा मेसेज टाकतो? सहा महिन्यांच्या लास्ट सीनमधून कळणार नाही ते त्या दोन मिनिटांत कळतं. तुम्ही आजारी असताना, त्याची नोकरी गेली असताना, तुमच्या आईशी त्याचं वाजलं असताना तो कसा वागला, ते वहीत लिहून ठेवा. संशय आला की माणसाला फक्त संशयाच्याच गोष्टी आठवतात, म्हणून हे पान हाताशी हवं.

लग्नाआधीची चौकशी वेगळी

ठरवून होणाऱ्या लग्नात दोन भेटींवर आयुष्याचा निर्णय घ्यायचा असतो. तिथं माहिती काढणं हा संशय नाही, तो शहाणपणा. नोकरी कायम आहे की कंत्राटी, डोक्यावर कर्ज किती, आधी लग्न किंवा साखरपुडा झालाय का, व्यसन, आजार, हे सगळं दोन्हीकडून मोकळेपणानं विचारावं. आपल्याकडे गंमत अशी की महाभूलेखवर मुलाचा सातबारा तपासला जातो, विहिरीला पाणी किती ते पाहिलं जातं, आणि मुलाला राग आल्यावर तो काय करतो हे विचारायचं राहून जातं. ते मुलीनं स्वतः विचारावं. चौकशीची एक तारीख ठरवा. त्या तारखेनंतर होकार किंवा नकार. होकार दिल्यावर तीच चौकशी चालू ठेवली तर ती चौकशी राहत नाही.

हा लेख कुठं लागू नाही

डाव्या रकान्यात खोटं पकडलं गेल्याच्या नोंदी असतील तर तुमचा संशय म्हणजे कमकुवतपणा नव्हे. तुम्ही बरोबर वाचताय. ‘तुझ्याच डोक्यात भरलंय’ असं म्हणणाऱ्यानं आधी त्या नोंदींची उत्तरं द्यावीत.

समोरचाच तुम्हाला तपासत असेल, म्हणजे फोन काढून घेतो, माहेरी बोलू देत नाही, पगाराचं कार्ड स्वतःकडे ठेवतो, संशयावरून हात उचलतो, तर त्याची अनिश्चितता तुम्ही जास्त पुरावे देऊन भागवू नका. पुरावे कधीच पुरणार नाहीत. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यात मानसिक आणि आर्थिक छळही येतो, आणि लग्न न करता लग्नासारखं एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही त्याचं संरक्षण मिळतं. महिला हेल्पलाइन १८१, तातडीला ११२. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

एक तिसरी शक्यता असते. जोडीदार बदफैली आहे अशी घट्ट, कुठल्याही पुराव्यानं न हलणारी समजूत होणं हा आजार असू शकतो, विशेषतः वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्यांमध्ये. तिथं वही चालत नाही, मानसोपचारतज्ज्ञच लागतो. आणि काळजीनं झोप, जेवण, काम बिघडायला लागलं असेल तर टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं.

पुन्हा उसळी मारेल तेव्हा

तपासण्याची सवय काही ठरावीक वेळी परत येते. शिफ्ट किंवा गाव बदललं की, साखरपुडा आणि लग्न यांच्यामधले महिने, आणि पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी गेली की. शेवटच्या वेळी दोघंही थकलेले असतात, त्याला डबा लावावा लागलेला असतो, तिला रात्रभर झोप नसते, आणि फोनवर बोलायला माहेरी वीस माणसांतून जागा काढावी लागते. अशा वेळी जुनी यादी बाहेर काढा, ज्या गुणांपर्यंत पोचला होता त्याच्या एक पायरी खाली या आणि तिथून सुरू करा. पायरी ३ मधल्या तीन गोष्टीही नव्यानं ठरवाव्या लागतील. बाळ झोपतं ती वेळ आता फोनची, आणि ती रोज बदलणार, म्हणून फोन तिनं लावायचा, त्यानं नाही.